सलोमीचा घोटा

नगरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून दयाने घोट्याचा फोटो पुन्हा उजेडाकडे धरला.

"सारखी काय बघती गं आई?" शेजारी पाय लोंबकळत बसलेली सलोमी म्हणाली. "त्यात माझं तोंड थोडंच हाय?"

"आहे म्हणावं. हाय नाही."

"तोंड आहे का मग त्यात?"

दयाला हसू आलं, पण ते ओठापर्यंत पोचलं नाही. एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर पोरीचा घोटा धुरासारखा पांढुरका उमटला होता. त्यात, बाहेरच्या बाजूला, हाडाच्या वरच्या, पुढच्या कडेपाशी एक बारीक काळी रेघ होती आणि रेघेच्या पलीकडे भुईमुगाच्या दाण्याएवढा तुकडा. आधी कुणी दाखवल्याशिवाय तो दिसत नव्हता. आता दुसरं काही दिसतच नव्हतं.

घोडेगावाजवळच्या वाडीत दयाला सगळे मास्तरीणबाई म्हणत. खरं तर मास्तर तिचा नवरा, कृपादान. तिने नगरच्या कॉलेजात बी.ए. केलं होतं, नोकरी कधी केली नव्हती, पण लोकांनी तिचं वाचन बघून पदवी आपणहून देऊन टाकली होती. सलोमी तिची एकुलती एक. दुष्काळाच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या आजीला भाकर द्यायला पोरगी गेली आणि इतर पोरांबरोबर खडीच्या ढिगावरून उड्या मारत बसली. एक उडी वाकडी पडली. पाय आत मुडपला. सूज आली, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, दुष्काळसुद्धा सरला, पण घोटा काही पहिल्यासारखा झाला नाही. संध्याकाळी तो फुगायचा. आणि मधेच अडकायचा. चालता चालता सलोमी थांबायची, पाण्यात पाय पडलेल्या मांजरासारखा पाय झटकायची आणि काही झालंच नाही अशी पुढं जायची. ते झटकणं दयाला घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसायचं.

आत बोलावणं आलं. शलमोन डॉक्टर आता साठीला आले होते. त्यांनी फोटो खिडकीच्या काचेवर लावला आणि दयाला जवळ बोलावलं.

"मटणातली नळी पाहिली असेल तुम्ही. तिच्या टोकाला पांढरी, निसरडी गादी असते. तशीच माणसाच्या सांध्यात असते. हाड मोडलं तर सांधतं. ही गादी मोडली तर आपली आपण भरून येत नाही, कारण तिला रक्तच नसतं. सलोमीच्या घोट्यात गादीचा एक टवका खालच्या हाडासकट सुटलाय. प्लास्टरमध्ये धरेल असं वाटलं होतं. नाही धरला. आता तो जागचा हलतो, म्हणून पाय अडकतो."

"मग?"

"घोटा उघडायचा. त्यापुढं दोन वाटा आहेत. मी आजवर केलं ते असं. टवका काढून टाकायचा, खालचा खड्डा रक्त येईपर्यंत खरवडायचा आणि त्यात बारीक भोकं पाडायची. रक्त साखळतं, त्यावर नवी गादी धरते. मूळची नव्हे. भाजलेल्या जागी नवी कातडी येते ना, तशी. झाकते, काम चालवते. पोरगी दीड-दोन महिन्यांत पायावर उभी राहील."

"आणि दुसरी वाट?"

"पुण्याचे सर्जन महिन्यातून एकदा इथं येतात. ते म्हणतात, टवका मोठा आहे, त्याला हाड चिकटलेलं आहे, टाकून कशाला द्यायचा? नडगीच्या हाडाच्या बारीक खुंट्या काढायच्या आणि टवका होता तिथंच ठोकून बसवायचा. धरला, तर तिची स्वतःची गादी तिला परत मिळाली. पण तीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही. चुकूनसुद्धा नाही. आणि नाहीच धरला, तर पुन्हा उघडून काढणं आलं."

"जास्त बरं कशाने होतं, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "खरं सांगू? दोन्हीने बरे झालेत, दोन्हीने न झालेलेही आहेत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून कुणी तोललेलं माझ्या वाचनात नाही. जो तो आपल्या हाताने केलेलं सांगतो. अगदीच बिघडलं तर सांधा कायमचा जोडून टाकतात. दुखणं जातं, पण घोटा वाकायचा थांबतो. पोराबाळांत मी त्याचं नाव काढत नाही."

पण नाव निघालं होतं, आणि ते दयाच्या मनात जाऊन बसलं.

तिचा चेहरा बघून डॉक्टर म्हणाले, "असं करा. सोनईला बनुबाई म्हणून आहे. चार वर्षांपूर्वी तिचं मी केलंय, हेच, खरवडून. जाऊन बघा कशी चालते ती. मग मला सांगा."

घरी आल्यावर दयाने सगळं सासूला समजावून सांगितलं. मरिया चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "दीड म्हैना कुठं आन तीन म्हैने कुठं! यात इचार कसला करायचा? बी.ए.वाल्यांचं ह्ये असं. दोन वाटा दिसल्या का मधीच फतकल घालून बसत्यात."

"मी नुसता पी.टी.सी.वाला मास्तर आहे आई, माझं विचार," कृपादान ओसरीवरून म्हणाला.

"तुझं काय इचारायचं? बायको म्हनंल ती पूर्व."

"अहो, हसू नका," दया म्हणाली. "आई, खरवडून नवी गादी येते ती पहिल्यासारखी नसते. जोडली तर तिची तिला—"

"आन तीन म्हैने त्या वानराला खाटंवर कोन बांधून ठिवनार? परसाकडं कोन नेनार? तू? पान्याचा हंडा उचलला तरी तुझी कंबर धरती." मरियाने भाकर तव्यावर टाकली. "जा, त्या बनुबाईला बघून ये आन मोकळी हो."

रविवारची उपासना आटोपून दया सोनईच्या एस.टी.त बसली. बनुबाईचं घर गावाच्या कडेला, उसाला लागून होतं. पस्तिशीची, ताठ, डोक्यावर घट्ट पदर घेतलेली बाई दारात आली. दयाने आपलं नाव सांगितलं, वाडी सांगितली, नवऱ्याचं नाव सांगितलं.

कृपादानसारखं नाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी जुळवाजुळव होते, हे दयाला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. तिच्या बापाच्या नावानेही तेच व्हायचं. आजेसासरे गावाबाहेरच्या वस्तीतून मिशनच्या शाळेत गेले त्याला दोन पिढ्या झाल्या होत्या. पण वाडीचं नाव घेतलं की लोकांना मागचं सगळं समजायचं. बनुबाईच्या चेहऱ्यावर तसं काही झालं की नाही, हे बघायच्या आत ती वळलीसुद्धा होती.

"या की, बसा. डाक्टरांनी धाडलं म्हंजे आमचंच मानूस."

तिने खाटेवर सतरंजी टाकली. तांब्या आणला. चहा आणला. दया तिच्या पायांकडे बघत होती. डाव्या घोट्यावर बाहेरच्या अंगाने एक पांढरट वण होता. तेवढा सोडला तर दोन पायांत फरक नव्हता. बाई आत गेली, बाहेर आली, परत आत गेली, अंगण ओलांडून म्हशीला हाकलून आली. लंगड नाही, लचक नाही.

"दुखत नाही का आता?"

"न्हाई वो. डाक्टरानं हात लावला आन सोनं झालं. काय बी न्हाई."

खाटेच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा, सहादेव, चहा पीत होता. "तिच्यामागं चालून बघा बाई," तो म्हणाला, "बाजारात मला धापा लागत्यात."

"तुमाला धाप हाटेलात जायची लागती," बनुबाई म्हणाली, आणि तिघंही हसले.

"बसा ना तुम्हीपण," दया जरा सरकून म्हणाली. "मघापासून उभ्याच आहात."

"तुमी बसा. मला उभ्याचीच सवं हाय."

ती खांबाला टेकून उभी राहिली. खाट मोकळी होती, जमीन सारवलेली होती, पाट भिंतीला लावलेला होता. तरी बाई खांब सोडून जवळ आली नाही. दयाने परत आग्रह केला नाही. या अंतराची तिला ओळख होती. चांगल्या घरांत ते चहा देऊन, गोड बोलून, हसून ठेवलं जातं. एवढंच की कुणी जवळ येऊन बसत नाही.  तिने चहा कसाबसा संपवला आणि निरोप घेतला. बनुबाईने तिची उष्टी कपबशी नवऱ्याच्या कपबशीत घालून उचलली आणि दारापर्यंत सोडायला आली.

एस.टी.च्या वाटेवर दया स्वतःवरच चिडली होती. पोरीसाठी आलो आणि मानपानाचं काय घेऊन बसलो? बघायचं होतं ते बघितलं. बाई चालते. चांगली चालते.

घरी तिने तेच सांगितलं. मरिया खूश झाली. "बघ, मी काय म्हनत हुते?" कृपादान नगरला जाऊन खरवडायच्या ऑपरेशनची तारीख घेऊन आला. बाकी जे वाटलं ते दयाने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासूने उगीच दोन शिव्या हासडल्या असत्या, नवरा गप्प झाला असता.

तारीख तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. पास्टर आणि त्यांची बायको सलोमीसाठी प्रार्थना करायला येऊन गेले होते. पाहुणे गेल्यावर मरिया खाली बसल्या बसल्या पुढं सरकत उष्टे कप गोळा करत होती, एकात एक घालत होती. दया दारात उभी राहून बघत होती, आणि तिच्या हातातली चादर तशीच राहिली.

एकात एक.

जी बाई शेजारी बसायला नको म्हणते, ती माझा उष्टा कप नवऱ्याच्या बशीत घालून उचलेल? विटाळ मानणारी बाई सगळ्यात आधी कप सांभाळते. बसण्याउठण्याचं नंतर. हे दयाला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या आईसाठी लोकांच्या अंगणात वेगळा ठेवलेला कप तिने लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. आणि बनुबाईच्या कपाला तर निळी फुलं होती, नवऱ्याच्या कपालाही तीच.

मग ती बसली का नाही?

सासू एका हातात कप धरून, दुसरा हात न टेकता, सरळ उठून उभी राहिली. साठीची बाई. दयाने तिचे घोटे बघितले, आणि खांबाला टेकून उभी असलेली बनुबाई तिला आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्या गाडीने सोनईला गेली. या वेळी ती अंगणातून गेली नाही. उसाच्या कडेने मागच्या दाराला गेली आणि हाक न मारता उभी राहिली. आतलं दिसत होतं. बनुबाईची चूल दगडांवर चढवलेली होती, कंबरेएवढी उंच. बाई उभ्याने भाकरी थापत होती. परात एका उलट्या पिंपावर होती. पिठाचा गोळा हातातून निसटून खाली पडला. बनुबाईने भिंत धरली, डावा पाय काठीसारखा पुढं ताठ केला आणि उजव्या गुडघ्यावर हळूहळू खाली गेली. गोळा उचलला. वर येताना मात्र भिंत पुरेना. ती पुन्हा पुन्हा जोर करत राहिली.

दया आत गेली आणि तिने हात दिला.

"अगं बया!" बनुबाई दचकली. मग ओळखून म्हणाली, "मागल्या दारानं येत्यात व्हय पाहुनं?"

"पुढच्या दाराने आले होते, तेव्हा तुम्ही काही सांगितलं नाही."

"पयल्या दिशी पाहुनीपुढं काय रडगानं गायचं? चहा द्यायचा का दुखनं द्यायचं?" ती कोपराने घाम पुसत म्हणाली. "आन डाक्टराचं नाव खराब व्हतं. देवमानूस हाय तो. दर टायमाला म्हनत्यात, बनुबाई, चालून दाखव. मी चालून दाखवती. बसून दाखव आसं त्ये म्हनत न्हाईत, मी बी सांगत न्हाई. घोटा सरळ हाय तवर लोखंड हाय. वाकला का आत सुरी फिरती."

"तुम्ही माझ्याजवळ बसला नाहीत, तेव्हा मला वाटलं होतं की…" दया थांबली.

"काय वाटलं?"

 बनुबाई तिच्याकडे बघत राहिली. तव्यावरची भाकर करपायला लागली तरी तिने ती उलटली नाही. समजायला तिला फार वेळ लागला नाही. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"बसा," ती म्हणाली. दया जमिनीवर बसली. बनुबाईने तिचा खांदा धरला, डावा पाय लांब केला आणि सगळा भार दयाच्या अंगावर टाकत तिच्या लगत, मांडीला मांडी लागेल अशी खाली आली. "आता बसले. उठवायचं मातर तुमाला."

दोघी हसल्या. दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दोघींनी ते धुरावर ढकललं.

"म्हणजे ऑपरेशन वाईट," दया म्हणाली.

"त्ये कसं म्हनू?" बनुबाईने आपला वण अंगठ्याने चोळला. "डाक्टरांनी दोन म्हैने पाय टेकू नको म्हनलं हुतं. इकडं पेरनी आली. जाऊ बाळंत झाली. घरात दुसरं बाईमानूस न्हाई. मी म्हैनासुदिक काढला न्हाई, उठले. कुनाला म्हनले न्हाई, डाक्टराला बी न्हाई. आता ह्ये त्यांच्या हातानं झालं का माझ्या पायानं, कुनाला ठावं? तुमी इतक्या शिकलेल्या, तुमाला तरी सांगता येतंय का?"

 दया ज्या बाईला पुरावा म्हणून बघायला आली होती, तिचा पाय दोन्हीकडून बोलत होता.

"डॉक्टरांना सांगू का मी हे?"

बनुबाईने पिठाचे हात पदराला पुसले. "सांगा," ती म्हणाली. "माझं काय व्हायचं राहिलंय? पोरीचं व्हवू द्या." मग हात पुढं करून म्हणाली, "आता वडा. जोर लावा, मी काय कॉलेजात न्हवते, अंगानं दणकट हाय."

दया तिथून सरळ नगरला गेली. शलमोन डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. बनुबाई महिन्याच्या आतच पायावर उभी राहिली होती हे ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बसायला मी कुणाला सांगितलंच नाही," शेवटी ते म्हणाले. "पुस्तकात चालणं आहे, दुखणं आहे, सूज आहे. उकिडवं बसणं नाही. मी इथलाच, माझ्या आईने जन्मभर खाली बसून स्वयंपाक केला, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही." त्यांनी फोटो पुन्हा खिडकीला लावला. "उकिडवं बसताना घोटा पार पुढं वाकतो. दाब येतो तो इथं, पुढच्या कडेला. सलोमीचा टवका बरोबर तिथंच आहे."

"म्हणजे जोडलेला बरा?"

"धरला तर. तिची मूळची गादी तो दाब सोसेल. नवी किती सोसते, ते बनुबाईवरून मला सांगता आलं असतं, पण ती आधीच उठली. तिच्यावरून आता काहीच ठरवता येत नाही." ते दयाकडे वळले. "उघडल्यावर टवका जोडण्याजोगा दिसला तरच जोडता येईल, हे आधी सांगून ठेवतो. आणि जोडला, तर पुढचे तीन महिने माझ्या हातात नाहीत, बाई. ते तुमच्या घरात आहेत."

घरात मरिया होती.

दया तिच्यासमोर बसली आणि चढवलेल्या चुलीपासून सगळं सांगितलं.  सासूने निवडायला घेतलेली ज्वारी सुपात तशीच राहिली.

"बसता येईना?" तिने परत विचारलं. "मंग परसाकडं?"

"नवऱ्याला धरून जाते. अंधार पडल्यावर."

मरियाने सूप बाजूला ठेवलं. मिशनच्या देवळात बायांच्या बाजूला, चटईवर, सगळ्यांच्या पुढं बसायची तिची जागा ठरलेली होती. लग्नात, मयतीत, कामावर, सगळीकडं ती खाली बसूनच माणसांत असायची. चार बायांत एकटीने उभं राहायचं म्हणजे काय, हे तिला कुणी उलगडून सांगायची गरज नव्हती.

"जोडा म्हनावं," ती म्हणाली. "मी नेते पोरीला, पाठकुळी. तीन म्हैने न्हाई, सा म्हैने नेते."

"आई, तुमची पाठ—"

"माझी पाठ तुझ्या कंबरंपरीस बरी हाय."

पुण्याचे सर्जन आले त्या दिवशी सलोमीला आत नेलं. शलमोन डॉक्टर त्यांच्याबरोबर उभे राहणार होते. कृपादान व्हरांड्यात डोळे मिटून प्रार्थना करत होता. दयानेही मिटून बघितले, पण मिटल्या डोळ्यांपुढं ती काळी रेघ यायची, म्हणून तिने ते उघडेच ठेवले आणि दाराकडे बघत राहिली. दार उघडलं तेव्हा ती उठायचंही विसरली.

"टवक्याचा मोठा भाग चांगला निघाला," शलमोन डॉक्टर म्हणाले. "तो खुंट्यांनी बसवला. एका कडेला मात्र भुगा झाला होता. तेवढा काढून, खालचं खरवडून भोकं पाडली."

"म्हणजे दोन्ही?"

"दोन्ही."

इतके दिवस तिने जे दोन पारड्यांत घालून तोललं होतं, ते दोन्ही आता पोरीच्या एकाच घोट्यात होतं. तिने मान हलवली. 

पुढचे महिने मरियाच्या पाठीवर गेले. सकाळी, संध्याकाळी, पाय प्लास्टरमध्ये पुढं काढून सलोमी आजीच्या पाठकुळी बसायची आणि वाडीतल्या पोरांना वरून हुकूम सोडायची. एकदा मात्र भर दुपारी गावात डोंबारी आले, ढोल वाजला, सगळे धावले. दया वळून बघते तर पोरगी खाटेवरून उतरून दाराला धरून उभी. चांगल्या पायावर होती, दुसरा वर होता. तरी दयाने तिच्या खाडकन मुस्काटात दिली आणि मग तिला धरून स्वतःच रडत बसली.

"पोरीला मारून गादी धरती व्हय गं?" मरिया म्हणाली. तिने गोठ्यातून शेळीच्या गळ्यातली घंटी सोडून आणली आणि सलोमीच्या प्लास्टरला सुतळीने बांधली. "आता उतर बघू खाली. सगळ्या वाडीला कळंल."

"मी शेळी हाय का?"

"शेळी आयकती तरी."

त्यानंतर घंटी वाजली की दया हातातलं टाकून धावायची. बहुतेक वेळा पोरगी नुसती कूस बदलत असायची.

प्लास्टर निघालं. कुबड्या आल्या, कुबड्या गेल्या. पावसाळा सरताना डॉक्टरांनी घोट्याचा फोटो पुन्हा काढला. काळी रेघ पुसट झाली होती, एका टोकाला अजून होती. सलोमी दवाखान्याच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. पाय अडकला नाही. झटकला नाही. कृपादानाने सुस्कारा सोडला.

"चालतीस ते बघितलं," शलमोन डॉक्टर म्हणाले. "आता बस. खाली, उकिडवी."

त्यांनी टेबल भिंतीकडे ढकलून जागा केली. सलोमीने आईकडे बघितलं. मग दोन्ही पाय जुळवून हळूहळू खाली गेली. गुडघे वाकले, घोटे वाकले. चांगल्या पायाची टाच जमिनीला टेकलेली होती. दुसरी थोडी वर राहिली. डॉक्टर पँट सावरत स्वतः जमिनीवर बसले, वाकले आणि त्यांनी टाचेखाली करंगळी घालून बघितली. करंगळी गेली.

"दुखतंय?"

"वढ बसती. दुखत न्हाई." तिने आईकडे चोरून बघितलं. "नाही."

"सुरी फिरल्यासारखं काही?" दयाने विचारलं.

"कसली सुरी?"

डॉक्टर दयाकडे वळले. "ही फट वर्षभरात जाईल, किंवा एवढी राहील. मला आज सांगता येत नाही."

"बरं," दया म्हणाली.

"उठ आता," डॉक्टर पोरीला म्हणाले. दयाचा हात आपोआप पुढं गेला होता. डॉक्टरांनी नुसती मान हलवली, तशी तिने तो मागं घेऊन पदरात धरला. सलोमीने हात गुडघ्यांवर ठेवले, थोडी पुढं झुकली, थोडी डगमगली आणि उभी राहिली. भिंत दूर होती. टेबल दूर होतं.

कृपादानाने टोपी डोक्यावर ठेवली. डॉक्टर जमिनीवरून उठायला लागले तेव्हा त्यांनाच टेबल धरावं लागलं, आणि ते स्वतःशी हसले. सलोमी दाराकडे निघालीसुद्धा होती. बाहेर आजी वाट बघत बसली होती.

"थांब," दया म्हणाली. "अजून एकदा बस."

"आई!"

"बस म्हणते ना."

सलोमीने जोराने श्वास टाकला, आणि पुन्हा खाली बसली. दया तिच्यासमोर, तशीच, उकिडवी बसली आणि त्या टाचेकडे बघत राहिली.